सोनी एफई ८५ मिमी एफ/१.८ : बागेतल्या कौटुंबिक छायाचित्रांच्या कसोटीवर

घराबाहेर कुटुंबाचे एकत्र छायाचित्र काढायचे ठरले की आपल्या शहरांत पहिली अडचण प्रकाशाची नसते, तर माणसांच्या मागे काय दिसते याची असते. बाग कितीही देखणी असली तरी ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी, ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन रंगीत डबे, विजेचा डीपी, शेजारच्या इमारतीवरून उतरणारे पांढरे पाइप आणि कोणाच्या तरी सौजन्याने बसवलेल्या बाकाच्या पाठीवरची ठळक अक्षरे यांतले काही ना काही चौकटीत येतेच. त्यात रविवारची संध्याकाळ असेल तर फुगेवाला, सायकल शिकणारी मुले आणि मोबाइलवर बोलत थांबलेले गृहस्थ आहेतच. छायाचित्र काढताना यांतले काहीच जाणवत नाही, कारण डोळा आपल्या माणसांकडे असतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले की आधी पाटी वाचली जाते आणि मग आजी दिसते.

सोनीने २०१७ साली फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) ई-माउंट कॅमेऱ्यांसाठी आणलेली ८५ मिमी एफ/१.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स बरेच हौशी आणि नवव्यावसायिक छायाचित्रकार नेमक्या याच अडचणीवरचा उपाय म्हणून घेतात. ‘मागचे सगळे ब्लर होते’ या एका वाक्यावर तिची निम्मी विक्री होत असावी. ए७ थ्री या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून पुण्यातल्या बागा, टेकड्या आणि सोसायट्यांची आवारे अशा ठिकाणी कौटुंबिक चित्रणासाठी वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की लेन्स घेण्यासारखी निश्चित आहे, मात्र ती धूसरपणासाठी घेऊ नये. कुटुंबाच्या छायाचित्रात तिचा खरा उपयोग तिच्या अरुंद दृश्यकोनाचा आहे, आणि एफ/१.८ हा आकडा (लेन्सचे छिद्र, म्हणजे अपर्चर, किती उघडते ते सांगणारा; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो, तो अशा वेळी क्वचितच कामी येतो.

आधी वस्तूविषयी थोडक्यात. वजन ३७१ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ६७ मिमी, अपर्चरची पाती नऊ. लेन्सवर फोकस थांबवण्याचे एक बटण आहे, ज्याला कॅमेऱ्याच्या मेन्यूतून दुसरे कामही नेमून देता येते, आणि ऑटो व मॅन्युअल फोकस यांच्यात बदल करणारी एक पट्टी आहे. अपर्चरचे कडे नाही. लेन्समध्ये स्थिरीकरण नाही, पण ए७ थ्रीच्या बॉडीतच पाच अक्षांचे स्थिरीकरण असल्यामुळे त्याची उणीव भासत नाही. हूड सोबत मिळते आणि ते लावूनच ठेवावे, कारण संध्याकाळचा कलता सूर्य समोरून येत असेल तर चित्र फिकट पडण्याचा धोका प्रत्येक लेन्सला असतो. धूळ आणि ओलाव्यापासून बऱ्यापैकी संरक्षण आहे. मात्र आषाढातल्या सरीत ती बेधडक बाहेर काढावी असे मी सुचवणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चार-पाच जणांचे कुटुंब गुडघ्यापासून वर, आडव्या चौकटीत घ्यायचे असेल तर साधारण अडीच मीटर रुंदी लागते. ८५ मिमीने ती रुंदी सहा मीटरवरून मिळते. हेच कुटुंब तितकेच मोठे दिसावे म्हणून ३५ मिमी लेन्सने घ्यायचे झाले तर अडीच मीटरपर्यंत पुढे यावे लागते, आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने, जो फुल फ्रेमच्या हिशेबाने साधारण २६ मिमीच्या आसपास असतो, दोन मीटरच्याही आत. माणसे तिन्ही चित्रांत सारख्याच आकाराची येतील. पण त्यांच्यामागे तीस मीटरवर असलेल्या झाडांच्या रांगेचा किती भाग चौकटीत येतो ते पाहिले तर फरक कळतो : ८५ मिमीने सुमारे १५ मीटर, ३५ मिमीने सुमारे ३३ मीटर आणि मोबाइलने सुमारे ४४ मीटर. म्हणजे मोबाइलवाल्याला ४४ मीटर लांबीची निर्मळ पार्श्वभूमी शोधावी लागते, तर या लेन्सला १५ मीटर पुरते. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सार्वजनिक बागेत ४४ मीटर सलग काहीही न खुपणारे मिळणे अशक्यप्राय आहे. १५ मीटर मात्र बहुधा मिळतात, कधी दोन वडांच्या मध्ये, कधी मेंदीच्या कुंपणापलीकडे. पाटी, डबा आणि डीपी यांना धूसर करण्यापेक्षा चौकटीबाहेर ठेवणे केव्हाही चांगले, आणि हे काम लेन्स कोणत्याही अपर्चरवर करते.

धूसरपणाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे आणि विक्रेते तो सांगत नाहीत. ८५ ला १.८ ने भागले की ४७ मिमी येतात. हा या लेन्सच्या छिद्राचा परिणामी व्यास. फार दूरवरचा एखादा प्रकाशबिंदू, माणसे ज्या अंतरावर उभी आहेत तेथे मोजला असता, जास्तीत जास्त एवढ्या व्यासाच्या चकतीत पसरतो, म्हणजे लहानशा लिंबाएवढा. पण पार्श्वभूमी जवळ असेल तर ही चकती झपाट्याने लहान होते. कुटुंब सहा मीटरवर आणि भिंत त्यांच्या पाठीमागे एका मीटरवर असेल तर पूर्ण उघड्या अपर्चरलाही पसरण सातच मिलिमीटर भरते. भिंतीवरच्या पोपड्यांपासून पावसाळी शेवाळ्याच्या डागांपर्यंत सगळे ओळखू येते. उलट तेच कुटुंब भिंतीपासून तीस मीटर पुढे आणले तर पसरण ३९ मिमी होते. अपर्चर एफ/४ केले तर हेच दोन आकडे अनुक्रमे तीन आणि १८ होतात. याचा अर्थ असा की एफ/४ वर तीस मीटर अंतर असलेली पार्श्वभूमी ही एफ/१.८ वर एक मीटर अंतर असलेल्या पार्श्वभूमीपेक्षा अडीच पटींहून अधिक धूसर असते. लेन्सचे अपर्चर उघडण्याआधी माणसांना भिंतीपासून दूर आणावे, हे त्यातून आपोआपच येते. आणि तरीही आपल्याकडे कुटुंबे हमखास भिंतीला, कुंपणाला किंवा झाडाच्या बुंध्याला पाठ टेकवूनच उभी राहतात, जणू रेशनकार्डासाठी फोटो काढायचा आहे.

पाटीचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. पाटीवरची अक्षरे दहा सेंटिमीटर उंचीची आहेत आणि ती कुटुंबाच्या मागे सहा मीटरवर आहे असे धरू. कॅमेऱ्याला ती निम्म्या आकाराची, म्हणजे पाच सेंटिमीटरची दिसतात. एफ/४ वर तेथील पसरण जेमतेम एक सेंटिमीटर असते, त्यामुळे ‘हिरवळीवर’ हा शब्द आरामात वाचता येतो. एफ/१.८ वर पसरण सव्वादोन सेंटिमीटरच्या पुढे जाते. अक्षरे वितळतात, तरी तेथे काहीतरी लिहिले आहे हे कळतेच, आणि डोळा ते वाचण्याचा प्रयत्न करीत तेथेच घुटमळतो. अर्धवट वाचता येणारी पाटी ही स्पष्ट पाटीपेक्षा जास्त त्रासदायक, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच पाटी तीस मीटर मागे असती तर एफ/४ लाही अक्षरे पूर्ण विरघळली असती.

मग सरळ एफ/१.८ च का वापरू नये? एकट्या माणसासाठी अवश्य वापरावे. पण कुटुंब म्हणजे किमान दोन रांगा आल्या : पुढे खुर्चीवर किंवा बाकावर आजी-आजोबा, मागे मुलगा, सून, लेक, जावई, आणि मांडीवर किंवा पायाशी नातवंडे. सहा मीटरवर एफ/१.८ ला स्पष्टतेची एकूण खोली (पुढून मागे जेवढ्या अंतरातले सारे स्पष्ट येते ती) सुमारे ५४ सेंटिमीटर असते. कागदावर ती पुरेशी वाटते, परंतु बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि बाकामागे उभ्या असलेल्याचा चेहरा यांच्यातच ७० ते ९० सेंटिमीटर अंतर सहज पडते. आजीच्या नथीतला मोती लख्ख आणि मागच्या जावयाचा चष्मा पिसारलेला, असे चित्र भिंतीवर लावता येत नाही. निदान जावयाच्या घरी तरी नाही. एफ/४ ला खोली १.२ मीटर होते आणि एफ/५.६ ला सुमारे १.७ मीटर, कुटुंबाच्या चित्रणात ही लेन्स मुख्यतः या दोन आकड्यांच्या दरम्यानच राहते. मागच्या रांगेला बाकाला खेटून उभे करून किंचित पुढे झुकायला सांगितले आणि हात पुढच्यांच्या खांद्यांवर ठेवायला लावले, तर दोन्ही रांगांतले अंतर निम्म्यावर येते, चित्रात आपुलकीही दिसते आणि एफ/२.८ पर्यंत उतरण्याची मुभा मिळते.

याच कारणाने दुप्पट-तिप्पट किमतीच्या एफ/१.४ लेन्सचा मोह कौटुंबिक कामासाठी अनाठायी वाटतो. सोनीचीच ८५ मिमी एफ/१.४ जी मास्टर ही २०१६ ची लेन्स ८२० ग्रॅमची आहे आणि २०२४ ची तिची दुसरी आवृत्ती ६४२ ग्रॅमची. त्या उत्कृष्ट आहेत यात वाद नाही. पण एफ/४ वर तिन्ही लेन्सच्या छिद्राचा व्यास सारखाच २१ मिमी असतो, आणि त्यामुळे धूसरपणाची मात्राही सारखीच. एकट्या वधूची चित्रे हा ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे त्यांचा हिशेब वेगळा.

धूसरपणाची दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. लेन्स तपशील पुसते. उजेड आणि रंग पुसत नाही. लहानसा चमकता ठिपका पसरला की फिका पडतो हे खरे, पण पांढऱ्या मोटारीचे अख्खे दार, लाल प्लॅस्टिकची खुर्ची, निळी ताडपत्री किंवा झाडांमधून दिसणारा आकाशाचा मोठा तुकडा कितीही धूसर झाला तरी तितकाच उजळ आणि तितकाच भडक राहतो, फक्त त्याच्या कडा मऊ होतात. नजर ज्या गोष्टींकडे आपसूक वळते त्यांत चेहरे आणि अक्षरे आहेत, तसेच उजळ भाग आणि भडक रंगही आहेत. पहिल्या दोघांचा बंदोबस्त ही लेन्स करते. उरलेल्या दोघांचा बंदोबस्त छायाचित्रकारालाच उभे राहण्याची जागा आणि वेळ निवडून करावा लागतो.

येथे आपल्याकडचा उजेड मदतीला घेता येतो. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास किंवा ऊन कलल्यानंतर, जुन्या दाट झाडांच्या बागेत, उदाहरणार्थ पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये, सावलीच्या अगदी कडेला कुटुंब उभे करावे, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यांवर मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड पडतो आणि मागे झाडांखालचा काळोखा, न उजळलेला भाग राहतो. चेहऱ्यांसाठी एक्स्पोजर बसवले की मागचा भाग दोन स्टॉपने खाली जातो, म्हणजे त्याचा उजेड चेहऱ्यांच्या एक चतुर्थांश उरतो, आणि त्यातला कचऱ्याचा डबाही त्या गडद हिरव्यात बुडून जातो, तेथे एफ/५.६ असले तरी बिघडत नाही. याउलट माणसे गर्द सावलीत आणि मागे उन्हातले मैदान अशी रचना झाली तर जगातली कोणतीही लेन्स उपयोगाची नाही. झाडाखाली उभे राहताना कवडसे मात्र पाहावेत. जमिनीवर ते सुंदर दिसतात, कपाळावर आणि नाकावर पडले की पांढरे चट्टे होतात, आणि ते नंतर काढणे फार कष्टाचे असते.

पानांच्या फटींतून मागचे आकाश डोकावत असेल तर प्रत्येक फट एक उजळ चकती बनते. या लेन्सच्या नऊ पात्यांमुळे चौकटीच्या मध्यावर चकत्या छान गोल येतात, पण पूर्ण उघड्या अपर्चरला कडेकडच्या चकत्या लंबगोल होऊन जणू मध्याभोवती फिरू लागतात. एफ/२.८ पर्यंत त्या बऱ्याच सुधारतात. कोणाला हा परिणाम आवडतो. कुटुंबाच्या शांत चित्रात मला तो खटकतो. बांबूचे बन आणि बारीक वाळक्या काटक्यांचे झुडूप हीदेखील या लेन्सला न मानवणारी पार्श्वभूमी आहे, कारण प्रत्येक काटकीच्या दोन-दोन कडा दिसू लागतात आणि सगळे चित्र अस्वस्थ होते. रुंद पानांची झाडे, दूरची टेकडी, पाण्याचा पृष्ठभाग किंवा साधी लांबवर पसरलेली हिरवळ यांच्यासमोर लेन्सचे काम पाहण्यासारखे असते.

दोषांत आणखी एक नोंदवला पाहिजे. एफ/१.८ ते एफ/२.२ च्या दरम्यान, पाठीमागून उजेड येत असेल तर आजोबांच्या पांढऱ्या केसांना किंवा चंदेरी काठाला जांभळट आणि फोकसच्या मागच्या भागाला हिरवट कड दिसते. मोठ्या अपर्चरच्या बहुतेक परवडणाऱ्या लेन्समध्ये हे असते. लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एका पट्टीने जाते आणि एफ/४ वर ते दिसतही नाही, म्हणून प्रत्यक्षात अडले नाही.

लेन्स कितीही चांगली असली तरी कॅमेरा कोणत्या उंचीवर धरायचा हे ती ठरवत नाही, आणि पार्श्वभूमीच्या बाबतीत ही उंची अपर्चरइतकीच महत्त्वाची आहे. सपाट जागेवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला की क्षितिज, आणि त्यासोबत जवळपास त्याच उंचीच्या कुंपणभिंतीची कड, साऱ्यांच्या डोक्यांतून आरपार जाते. थोडे खाली आणले की ती गळ्यांतून जाते, जे त्याहून वाईट. सुमारे छातीच्या खाली, कमरेच्या उंचीवर कॅमेरा आणला तर रेघ हातांच्या आणि कपड्यांच्या मागे लपते व डोकी मोकळ्या भागावर येतात. वेताळ टेकडीसारख्या उघड्या जागी हे फार साधते, कारण तेथे डोक्यांच्या मागे फक्त आकाश उरते. सोसायटीच्या आवारात मात्र नेमके उलटे करावे : स्टुलावर किंवा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून खाली पाहत चित्र घ्यावे, म्हणजे इमारती आणि गाड्या चौकटीच्या वर निघून जातात आणि मागे फरशी किंवा गवत राहते. ८५ मिमीच्या अरुंद चौकटीत हा बदल लगेच जाणवतो. रुंद लेन्सने वर चढूनही इमारती सुटत नाहीत.

डोक्यातून उगवलेल्या खांबासाठी अर्धा मीटर बाजूला सरकणे पुरते, पण तेही खांब दूर असेल तरच. सहा मीटरवरच्या कुटुंबामागे तीस मीटरवर खांब असेल आणि कॅमेरा अर्धा मीटर डावीकडे नेला तर खांब माणसांच्या तुलनेत सुमारे ४२ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे मामांच्या टाळूवरून निघून खांद्याच्या पलीकडे जातो. खांब एकाच मीटरवर असेल तर तो सातच सेंटिमीटर हलतो आणि कानाशी येऊन थांबतो. भिंतीपासून दूर उभे राहण्याचा हा आणखी एक फायदा.

फोकसची यंत्रणा समाधानकारक आहे. दोन लिनिअर मोटरींमुळे आवाज जवळजवळ नाही आणि पळत येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलावरही पकड टिकते. ए७ थ्रीला २०१९ च्या फर्मवेअर ३.० मध्ये मिळालेला डोळ्यांचा सतत मागोवा घेणारा फोकस या लेन्सशी उत्तम जुळतो. गटचित्रात मात्र तो कोणाचा डोळा निवडेल याचा भरवसा धरू नये. पुढच्या रांगेतल्या मधल्या व्यक्तीवर चौकट नेऊन ठेवावी आणि बाकी काम एफ/४ वर सोडावे. भर उन्हात एफ/१.८ वापरण्याचा हट्ट असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर शटर १/८००० सेकंदाच्या आसपास जाते, म्हणजे कॅमेऱ्याची शेवटची मर्यादा. फ्लॅश लावायचा तर १/२५० च्या वर हायस्पीड सिंक (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवण्याची सोय) लागतो आणि फ्लॅशची ताकद घटते. एफ/४ वर हेच शटर १/१६०० येते. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घेणार असाल तर ६७ मिमीचा घ्यावा.

जवळच्या फोकसची मर्यादा ०.८ मीटर ही माझ्या मते या लेन्सची सर्वांत मोठी उणीव आहे. तान्ह्या बाळाची पावले, आजीच्या हातातल्या पाटल्या, बोटात अडकलेले चिमुकले बोट अशी चित्रे कौटुंबिक संचात हवीच असतात, आणि त्यांत तर पार्श्वभूमीचा प्रश्नच उरत नाही. कॅननची २०२० सालची आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रो ०.३५ मीटरपर्यंत जाते आणि सेन्सरवर वस्तूच्या निम्म्या आकाराचे चित्र देते; ती कॅनन वापरणाऱ्यांची चैन आहे.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडशी तुलना टाळता येत नाही, कारण घरातला प्रत्येक तरुण ती करतोच. मोबाइल माणसांचे कातरकाम करून मागचे धूसर करतो, आणि एकट्या, समोर पाहणाऱ्या चेहऱ्यावर ते आता खरोखर पटण्यासारखे असते. पण कुटुंबात कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यातली फट, मोकळे सुटलेले केस, ओढणीची झिरझिरीत कड, चष्म्याची काडी आणि गजऱ्याची टोके अशा जागी कातर चुकते. त्या फटीतून मागची गाडी लख्ख दिसते आणि बाजूची धूसर, आणि एकदा लक्षात आले की दुसरे काही दिसत नाही. नको ती वस्तू खोडण्याची सोय, मोबाइलमधली असो किंवा २०२३ पासून फोटोशॉपमध्ये आलेली जनरेटिव्ह फिल, मोकळ्या हिरवळीवरच्या डब्यासाठी मी निःसंकोच वापरतो. पैठणीच्या पदराला किंवा मुलाच्या केसांना लागून असलेल्या वस्तूसाठी मात्र नाही, कारण तेथे यंत्र नवे काठ आणि नवी बट रचून देते, आणि तो काठ त्या पैठणीचा नसतो.

आणखी एक गोष्ट, जी लेन्सच्या परीक्षणात सहसा येत नाही. मागचे सारे पुसून टाकावे असे प्रत्येक कुटुंबाच्या बाबतीत नसते. गावाकडच्या घराची ओटी, अंगणातले तुळशीवृंदावन, आजोबांनी चाळीस वर्षे चालवलेल्या दुकानाचे लाकडी फळीचे दार यांना धूसर करणे म्हणजे चित्रातला अर्धा मजकूर खोडणे होय. अशा वेळी ही लेन्स एफ/८ वर न्यावी आणि दहा मीटर मागे जावे : साडेसात मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत सारे स्पष्ट राहते, म्हणजे माणसांच्या मागे पाच मीटरवरचे घर पुरेपूर येते. शिवाय अरुंद कोनामुळे घराचा साधारण सहा मीटर रुंदीचाच तुकडा चौकटीत येतो, त्यामुळे ओटी आणि दार राहतात आणि शेजाऱ्याची डिश अँटेना व वाळत घातलेले कपडे बाहेर पडतात. या कामात मला ही लेन्स सर्वांत जास्त आवडली, आणि हा वापर मी अजून कोणत्याही जाहिरातीत पाहिलेला नाही.

अंतराची गैरसोय मान्य केली पाहिजे. सहा मीटरवरून साध्या आवाजात सूचना देता येतात. साठीशांतीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला जमलेली पंधरा माणसे मात्र पाच मीटर रुंदी मागतात, आणि त्यासाठी जवळजवळ बारा मीटर मागे जावे लागते. मंगल कार्यालयाच्या आवारात तेवढी जागा मिळाली तरी मधून केटरिंगवाले जात राहतात. अशा मोठ्या गटासाठी ५० मिमी जवळ असावी. १३५ मिमीने पार्श्वभूमी आणखी अरुंद होते, तीस मीटर मागे जेमतेम साडेदहा मीटर, पण छोट्या कुटुंबासाठीही साडेनऊ मीटर लांब उभे राहून ओरडावे लागते आणि नातवंडे ऐकत नाहीत. पातळेश्वर किंवा शनिवारवाडा अशा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिपाई लावायला परवानगी लागते, त्यामुळे तेथे हातात धरून चालणारी ही हलकी लेन्स सोयीची पडते; खासगी आणि संस्थांच्या बागांत व्यावसायिक चित्रणाचे शुल्क आधी विचारून जावे.

ज्यांच्याकडे ७०-२०० मिमी एफ/२.८ झूम लेन्स आहे त्यांनी ही लेन्स घेण्याचे कारण फक्त वजन. सोनीची २०२१ ची दुसरी आवृत्तीही १०४५ ग्रॅम भरते आणि दिवसभर मुलांमागे धावताना ते जाणवते. ए६४०० सारख्या क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीचा कोन जवळपास १२८ मिमीसारखा होतो, म्हणजे वर सांगितलेल्या १३५ च्या सगळ्या अडचणी आल्या. असा कॅमेरा असणाऱ्यांनी ५० ते ५६ मिमीच्या दरम्यानची एफ/१.४ किंवा एफ/१.८ लेन्स पाहावी. फुल फ्रेम वापरणाऱ्या, दोन ते सहा माणसांच्या कुटुंबांचे चित्रण करणाऱ्या आणि भिंतीपासून माणसांना दहा पावले पुढे आणण्याची तयारी असणाऱ्या छायाचित्रकाराने ही लेन्स घ्यावी. शक्य असल्यास आधी एका रविवारासाठी भाड्याने आणून, आपण नेहमी जातो त्याच बागेत, एफ/४ लावून पाहावी.